काल्पनिक नकाशे काढायचा ऑनलाइन कोर्स: हाताचा भाग मस्त, डिजिटल नुसता उरकलाय

कोर्स पूर्ण केला, सगळ्या गृहपाठांसकट, म्हणून लिहितोय. अर्धा कागद-पेन, अर्धा कॉम्प्युटर असा आहे.

पहिल्याच धड्यात कागदावर मूठभर तांदूळ टाकायचे आणि जसे पसरतील तशी कडेने पेन्सिल फिरवायची, झाला किनारा. मला आधी पोरखेळ वाटला, पण माझा किनारा कायम बटाट्यासारखा गोल यायचा तो प्रकार त्या दिवशीच बंद झाला. बाजूला उडालेले दाणे म्हणजे बेटं 😄

सगळ्यात कामाचा धडा नद्यांचा. मी आजवर नदी समुद्राकडे नेताना तिला झाडासारख्या फांद्या फोडत होतो, म्हणजे बरोब्बर उलटं. उपनद्या येऊन मिळतात, खाली जाताना नदीला फाटे फुटत नाहीत (मुखापाशी त्रिभुज प्रदेश होतो तो सोडून), आणि तलावातून बाहेर पडणारी नदी साधारण एकच असते. हे कळल्यावर माझे जुने नकाशे मलाच बघवेनात. शिकवणारा 'कधीच फुटत नाही' म्हणतो ते मात्र जरा जास्तच, दक्षिण अमेरिकेत कासिकियारे ओरिनोकोतून फुटते आणि रिओ नेग्रोला मिळून शेवटी अमेझॉनमध्ये जाते, खरीखुरी नदी आहे. डोंगरांचंही तसंच, वारा ज्या बाजूने येतो तिकडे जंगल आणि पलीकडे पर्जन्यछायेत कोरडं, मग वाळवंट कुठे टाकू हा प्रश्नच उरत नाही.

एक राग आहे. किनाऱ्याला ०.५ चं पेन, डोंगरांच्या सावलीला ०.१ वगैरे सगळं नीट सांगितलंय, पण वरून वॉटरकलर मारायचा असेल तर शाई वॉटरप्रूफच हवी हे पार पाचव्या धड्यात. तोपर्यंत माझी अख्खी पर्वतरांग पसरली होती.

आता डिजिटल. हाताने काढलेलं स्कॅन करून त्यावर रंग कसा भरायचा हे शिकायलाच तर कोर्स घेतला होता, आणि तेच नाही! तयार ब्रशने डोंगरांचे शिक्के मारायला लावतात, सगळे डोंगर जुळे भाऊ. शेवटी मीच खटपट करून जमवलं: ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन, लेव्हल्सने (उजळ-गडद कमीजास्त करायची सोय) कागद पांढरा, रेघांची लेयर, म्हणजे चित्राचा थर, मल्टिप्लायवर ठेवायची (त्यात पांढरं दिसेनासं होतं, रेघाच उरतात) आणि रंग तिच्या खालच्या लेयरवर. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात आरामात होतं. दहा मिनिटांचं काम, एका व्हिडिओत बसलं असतं. शिवाय कॅनव्हास २००० पिक्सेलचा घ्यायला सांगतात, स्क्रीनवर छान दिसतो, पण ए३ प्रिंट ३०० डीपीआयला काढायची तर ३५०८ बाय ४९६१ लागतात, माझी प्रिंट धुरकट आली.

नावं लिहायचा धडा आपल्यासाठी अर्धाच उपयोगी. पर्वतरांगेवर नाव पसरवायला अक्षरांमधलं अंतर वाढवा म्हणतात, रोमन लिपीत चालतं, देवनागरीत शिरोरेषा तुटून नावाचे तुकडे होतात. नदीच्या वळणावर टाइप केलेलं नाव पण विचित्रच दिसतं. मी आता नावं वेगळ्या कागदावर हाताने लिहितो, शिरोरेषा नदीसोबत वाकवतो आणि स्कॅन करून वेगळी लेयर ठेवतो.

हाताच्या भागाला पाचपैकी साडेचार, डिजिटलला दोन, तेही लेयरना नावं द्यायची सवय लावली म्हणून.