शिवाजी उद्यमनगरातील सेल्फ-दुरुस्ती: आधी मोजमाप, मग पाना

पुराच्या वेळी वापरायच्या आमच्या गावच्या फायबर बोटीचे आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर बसवलेले) इंजिन चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज करून गप्प होत होते. एका मेकॅनिकने झाकणही न उघडता नवा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर, घालायला सांगितले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा मालकांनी सेल्फ सोडवून आणू नका असे बजावले आणि ते स्वतः मल्टीमीटर घेऊन बोटीपाशी आले. बाकावर मोकळा फिरणारा सेल्फ इंजिनाचा भार घेईलच असे नाही, हे त्यांचे कारण मला पूर्ण पटले.

गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हे त्यांनी आधी पाहिले, कारण तसे नसेल तर सेफ्टी स्विच सेल्फपर्यंत करंट जाऊच देत नाही. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती. मग स्पार्क बंद ठेवून त्यांनी मला चावी फिरवायला सांगितली. त्या क्षणी बॅटरीवर 11.2 व्होल्ट टिकले, पण सेल्फवर जेमतेम 8.9 पोचले. पॉझिटिव्ह वायरीत 0.3 व्होल्टच जात होते. उरलेले 2 व्होल्ट अर्थच्या (निगेटिव्ह जोडणीच्या) वाटेवर हरवत होते. इंजिनाच्या ब्लॉकवरचा अर्थचा बोल्ट सोडवला, तर लगाखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट गंज आणि वायरीची निम्मी तार काळी पडलेली. वायर नवी टाकली, बैठक घासून चकचकीत केली आणि सेल्फ जोमाने फिरला. कार्बन, बुश, बेंडिक्स या सेल्फच्या भागांना हात लावावाच लागला नाही. सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये त्याला गार होऊ द्यावे, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

बोटीचे खास सुटे भाग येथे मिळत नाहीत. बसवलेली वायरही साध्या तांब्याची आहे. सततच्या ओलाव्यात कल्हई केलेल्या तारेची अधिक टिकली असती. मात्र पेट्रोलच्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनाला मोटारगाडीचा सेल्फ बसवून द्याल का, असे विचारल्यावर त्यांनी स्पष्ट नकार दिला. बोटीच्या तळाशी साचलेल्या पेट्रोलच्या वाफेला ठिणगी लागू नये, यासाठी तिथला सेल्फ वेगळ्या बनावटीचा असतो आणि ही गोष्ट ठाऊक असलेला कारागीर मला महत्त्वाचा वाटतो. बिलावर मोजमापाचे आकडे लिहून मिळत नाहीत, ते मागून घ्यावेत.