वाचनचाचणी निवडताना: चार पद्धतींचा तुलनात्मक आढावा

प्राथमिक वर्गांत मुलांचे वाचन तपासण्यासाठी प्रामुख्याने चार पद्धती वापरल्या जातात: स्तरनिश्चिती, एका मिनिटाचे प्रकट वाचन, चुकांची नोंद आणि लेखी आकलन चाचणी. या चारहींना आपण सरसकट वाचनचाचणी म्हणतो. परंतु प्रत्येकीतून मिळणारे उत्तर वेगळे असते, त्यामुळे निकाल हाती आल्यावर वर्गात नेमके काय बदलायचे आहे, हे आधी ठरवूनच निवड करावी लागते. निकाल काहीही आला तरी उद्याचा पाठ तोच राहणार असेल, तर चाचणीचा तो वेळ मुलांच्या वाचनालाच दिलेला बरा.

स्तरनिश्चितीचे सर्वांत परिचित साधन म्हणजे ग्रामीण भारतातील मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या, २००५ साली सुरू झालेल्या ‘असर’ सर्वेक्षणातील वाचनाची पट्टी. तिच्यात अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एवढेच असते. मुलाला प्रथम परिच्छेद दिला जातो; तो जमल्यास गोष्ट आणि न जमल्यास शब्द व मग अक्षरे, असा क्रम असतो. एका मुलासाठी पाच मिनिटे धरली तरी चाळीस मुलांचा वर्ग दोनशे मिनिटांत तपासून होतो आणि त्याच दिवशी गट पाडता येतात. मात्र ही चाळणी जाड आहे. अक्षर-स्तरावर अडकलेल्या दोन मुलांपैकी एकाला मात्रा ओळखता येत नसतील आणि दुसऱ्याला अक्षरे जोडून शब्द म्हणता येत नसेल, तरी पट्टीवर दोघांचा स्तर एकच दिसतो. शिवाय गोष्ट वाचणारे पाचवीतील मूल तिच्या माथ्यावर पोहोचलेले असते, त्यापुढील काहीच ही पट्टी सांगत नाही.

एका मिनिटाच्या प्रकट वाचनात मूल अपरिचित उतारा मोठ्याने वाचते आणि अचूक वाचलेले शब्द मोजले जातात. मूल एखाद्या शब्दावर तीन सेकंद थबकले, तर शिक्षक तो शब्द सांगतो आणि चूक धरतो. मुलाने स्वतःहून तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती मात्र अचूक मानली जाते. अमेरिकेतील शिक्षणसंशोधक स्टॅन्ली डेनो यांच्या कामामुळे ही पद्धत १९८० च्या दशकापासून रूढ झाली, आणि वारंवार घेता येणे हे तिचे मोठे बळ आहे, कारण दर पंधरवड्याची लहानशी प्रगतीही आकड्यात उतरते. एकाच उताऱ्यावर विसंबू नये. तीन उतारे वाचून घेऊन मधला आकडा धरावा, आणि चार-पाच शब्दांच्या चढउतारावरून अध्यापन बदलू नये. इंग्रजीत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला सुमारे १०० शब्द हे मध्यम प्रमाण सांगितले जाते. ते मराठीला लावणे सरळ चूक आहे, कारण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जात असल्याने ‘घराजवळच्या’सारखा लांब शब्दही एकच मोजला जातो. मुलाची तुलना त्याच्याच मागील आकड्याशी करावी. आणखी एक धोका असा की, आकडा हेच उद्दिष्ट झाले की मुले विरामचिन्हे ओलांडत धावत सुटतात, आणि अशा वाचनाला ओघवते म्हणता येत नाही.

चुकांची नोंद ही सर्वांत कष्टाची आणि अध्यापनाला सर्वांत जवळची पद्धत आहे. न्यूझीलंडच्या वाचन-संशोधक मेरी क्ले यांनी घडवलेल्या या पद्धतीत मूल वाचत असताना शिक्षक प्रत्येक शब्द, चूक आणि स्वयंदुरुस्ती खुणांनी टिपतो. अचूकता ९५ टक्के किंवा अधिक असल्यास मजकूर सोपा, ९० ते ९४ टक्के असल्यास शिक्षकाच्या मदतीने वाचण्याजोगा आणि त्याखाली असल्यास अवघड मानतात. खरी किंमत मात्र टक्केवारीत नसून चुकांच्या जातीत आहे. ‘केळी’ऐवजी ‘काळी’ वाचणाऱ्या मुलाला मात्रांचा सराव हवा, ‘पुस्तक’ऐवजी ‘पुसतक’ म्हणणाऱ्याला जोडाक्षरांचा, आणि ‘पाणी’ दिसताच ‘पाऊस’ म्हणून मोकळे होणाऱ्याला शब्द शेवटपर्यंत पाहण्याचा. येथे सावधगिरी हवी: अर्थ जुळणारा अंदाज हे चांगल्या वाचनाचे लक्षण समजण्याची जुनी प्रथा संशोधनात टिकलेली नाही, कारण तरबेज वाचकही अक्षरांवरूनच शब्द ओळखतात. नोंद आणि विश्लेषण मिळून मुलामागे पंधरा मिनिटे धरली, तर चाळीस मुलांसाठी दहा तास लागतात. म्हणून ती सर्वांसाठी वापरण्याचा अट्टहास करू नये.

लेखी आकलन चाचणी एका तासिकेत संपूर्ण वर्गाची घेता येते, म्हणूनच ती शाळांना प्रिय आहे. परंतु निदानासाठी ती सर्वांत कमजोर आहे. मुलाचे उत्तर चुकले, तर त्याला शब्द वाचता आले नाहीत, अर्थ कळला नाही, विषयच अनोळखी होता की उत्तर लिहिता आले नाही, हे उत्तरपत्रिका सांगू शकत नाही. रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या अभ्यासात बेसबॉलची चांगली माहिती असलेल्या पण वाचनात कच्च्या विद्यार्थ्यांना त्या खेळावरील उतारा, खेळाची माहिती नसलेल्या पक्क्या वाचकांपेक्षा अधिक लक्षात राहिला होता. या चाचणीला एक छोटी जोड देता येते. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडल्याप्रमाणे वाचून समजणे हा शब्द वाचता येणे आणि ऐकलेली भाषा समजणे यांचा गुणाकार आहे. तेव्हा त्याच पातळीचा दुसरा उतारा वाचून दाखवून तोंडी प्रश्न विचारावेत. ऐकून समजते पण वाचून समजत नाही, तर शब्दवाचनावर भर द्यावा. वाचन सफाईने होते पण ऐकूनही समजत नाही, तर अक्षरांच्या सरावाने काही साधणार नाही, तेथे शब्दसंपत्ती आणि वर्गातील बोलणे वाढवावे लागते.

एकट्याने वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाने सत्राच्या आरंभी सर्वांची स्तरनिश्चिती करावी, आणि शब्द-स्तरावर किंवा त्याखाली राहिलेल्या मुलांपुरती चुकांची नोंद ठेवावी, असे माझे मत आहे. मिनिटाचे वाचन परिच्छेद वाचू लागलेल्या मुलांसाठी ठेवावे. अक्षरांवर अडखळणाऱ्या मुलाचा वेग मोजण्यात अर्थ नाही. मुख्याध्यापकांना संपूर्ण शाळेचे चित्र हवे असेल, तर लेखी चाचणी चालेल, मात्र तिच्या गुणांवरून गट पाडू नयेत. पाडलेले गट दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावेत, अन्यथा कच्चा गट हीच मुलाची ओळख होऊन बसते. अशा दोन फेऱ्यांनंतरही एखादे मूल पुढे सरकले नाही, तर नवी चाचणी शोधण्याआधी त्याची दृष्टी आणि श्रवण तपासून घेण्यास पालकांना सांगावे.