७५ टक्के सांगून विरळ ग्रीन नेट गळ्यात मारली, माझी दीडशे झाडं उन्हानं गेली

आधी कामाचं सांगते. ग्रीन नेटचा, म्हणजे झाडांवर सावलीसाठी बांधायच्या हिरव्या जाळीचा (शेडनेटचा) गठ्ठा कोणी गाडीतून घरापर्यंत आणून देत असेल आणि वरून म्हणत असेल की ताई सील आत्ता फोडू नका, बांधायच्या दिवशीच फोडा, तर त्याला पैसे देऊ नका. मी दिले. ३,८०० रुपये नेटचे आणि १,३०० त्यांनीच विकलेल्या, पानांवर मारायच्या औषधाच्या दोन बाटल्यांचे, म्हणजे ५,१०० रुपये गेले. पैसे गेल्याचं दुःख आहेच पण रडू आलं ते माझ्या एचेवेरियांसाठी, गुलाबाच्या फुलासारखी जाड पानं असलेली शोभेची झाडं असतात ती, एकेक पान मातीवर ठेवून तीन वर्षांत वाढवलेली झाडं होती ती.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. नणंदेनं पुण्याहून दोन सक्युलेंटच्या, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांच्या, कुंड्या आणून दिल्या होत्या तिथून मला नाद लागला. पान तोडून चार दिवस सावलीत सुकवायचं, मग कोरड्या मातीवर नुसतं ठेवायचं, मुळ्या फुटतात आणि बारकं झाड येतं, असं करत करत २२० कुंड्या झाल्या. आर्वीला कॉलेजच्या मुली वाढदिवसाला द्यायला घेतात, एका कुंडीचे ६०-८० रुपये येतात. फार नाही, पण माझ्या हातचा पैसा आहे तो.

आधीचे दोन उन्हाळे मी कुंड्या छपरीत आणि कडुनिंबाखाली ठेवून काढले होते, एखाददुसरं झाड गेलं असेल. गेल्या वर्षी कुंड्या जास्त झाल्या, जागा पुरेना, म्हणून स्लॅबवर नेट बांधायचं डोक्यात होतं आणि नेमकी होळी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी ती गाडी गावात आली. छोटा हत्ती, वर भोंगा, कंपनीचा डायरेक्ट माल, ग्रीन नेट, ताडपत्री, दुकानापेक्षा निम्म्या भावात असं ओरडत. दोन माणसं होती, बोलायला एकदम गोड. एकानं खिशातून नेटचा वीतभर तुकडा काढला, माझ्या हातावर उन्हात धरला आणि म्हणाला बघा ताई, ही सेव्हेंटी फाईव्ह, युव्हीवाली, पाच वर्षं हलत नाही. सेव्हेंटी फाईव्ह म्हणजे ७५ टक्के ऊन अडवणारी, आणि युव्हीवाली म्हणजे उन्हानं लवकर खराब न होणारी. तुकडा खरंच जाड होता, हातावर गार सावली पडली. मग गठ्ठा दाखवला, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, ३ मीटर रुंद ५० मीटर लांब, तो पण गडद हिरवा दिसत होता.

इथंच सगळी मेख आहे म्हणून नीट सांगते. नेट रुंदीत दुमडून मग गुंडाळलेली असते, त्यामुळं गठ्ठ्यात तुम्ही एकावर एक कितीतरी थर बघत असता, कितीही विरळ नेट असली तरी गठ्ठ्यात ती दाटच दिसते. आणि हातातला तुकडा भलत्याच मालाचा. मी तुकडा बघितला, गठ्ठा बघितला, पण गठ्ठ्यातली नेट एकेरी उलगडून बघितली नाही.

सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, “काहून घेतं वं एवढ्या पैशाची जाळी, मांडव टाकून देऊ ना.” त्या माणसानं लगेच त्यांना हात जोडले, म्हणे मावशी मांडवाला किडे लागतात, वाळवी लागते, हे एकदा बांधलं की पाच वर्षं बघायचं काम नाही. तेवढ्यात दुसऱ्याची नजर माझ्या कुंड्यांवर गेली आणि तो गाडीतून बाटली घेऊन आला, कूलिंग लिक्विड म्हणे, पानावर मारलं की पान पाच डिग्री थंड राहतं, संत्र्याचे बागायतदार हेच मारतात. आता आमच्या भागात संत्र्यावर उन्हाळ्यात केओलिनची फवारणी करतात हे मला माहीत होतं, ती पांढरी माती असते, पानावर पांढरा थर बसतो आणि ऊन परावर्तित होतं, ते खरं आहे. त्यामुळं त्याचं बोलणं मला पटलं. खोटं बोलणारा अर्धं खरं मिसळून बोलतो तेव्हा आपण फसतो. बाटलीवर कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही, आत काय आहे तेही नाही, नुसतं हिरव्या पानाचं स्टिकर.

नेट बांधली आणि त्या भरवशावर मी कडुनिंबाखालच्या कुंड्या उचलून स्लॅबवर नेल्या. खरं नुकसान यानं झालं. नेट घेतलीच नसती तर त्या कुंड्या झाडाखाली वाचल्या असत्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठीक होतं. पानांच्या कडा लालसर-जांभळ्या व्हायला लागल्या, ते मी मनावर घेतलं नाही कारण तेवढं चालतं, जास्त उजेड मिळाला की झाड रंग धरतं, त्यानं मरत नाही. पण मग ४२-४३ जायला लागलं आणि एका दुपारनंतर बघते तर एचेवेरियांच्या वरच्या पानांवर पांढरट ठिपके, दोन दिवसांत ते तपकिरी होऊन कागदासारखे वाळले. तो उन्हाचा चटका. एकदा लागला की ते पान गळेपर्यंत डाग जात नाही. लाल मून कॅक्टसचं तर वरचं बोंड चार दिवसांत पिचलं, त्या लाल भागात हिरवं काही नसतंच, कडक ऊन त्याला सोसतच नाही.

मला वाटलं पाणी कमी पडतंय. नेट तर ७५ ची आहे, मग ऊन कसं लागेल, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून मी दिवसाआड पाणी द्यायला लागले आणि ते औषध पण मारलं, सांगितल्याप्रमाणं दोन झाकण एका लिटरला. एचेवेरियाच्या पानावर जी पांढरी भुकटी असते ना, बोट लावलं की ठसा उमटतो, ती त्या झाडाची स्वतःची मेणासारखी पावडर असते, उन्हापासून तीच त्याला वाचवते. त्या औषधानं ती पूर्ण धुऊन निघाली, पानं तेलकट चकचकीत झाली आणि दुसऱ्याच दुपारी उकडल्यासारखी. त्यात तेल होतं का साबण होता मला सांगता येणार नाही, पण केओलिन नक्की नव्हतं. केओलिनचा पांढरा थर दिसतो, इथं काहीच दिसत नव्हतं.

बाकीची बुडातून सडली. सक्युलेंट दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडून हवा घेतात, त्यांचं सगळं रात्रीच्या गारव्यावर चालतं. आमच्याकडं मे महिन्यात रात्री पण अंगाची लाही होते, कूलर लावला तरी उमस जात नाही, स्लॅब तर रात्री दहालाही गरम. अशा वेळी एचेवेरियासारखी डोंगराळ थंड भागातून आलेली झाडं वाढ थांबवून बसतात, मुळ्या पाणी ओढत नाहीत, आणि गरम मातीत पाणी साचलं की मुळ्या कुजतातच. माझ्या कुंड्या काळ्या प्लॅस्टिकच्या होत्या, संध्याकाळी सहाला कडेला हात लावला तर चटका बसायचा. मी ते पाणी प्रेमानं देत होते.

कळलं ते असं. सहा किलोमीटरवर एक भाऊ शेडनेटमध्ये मिरची-वांग्याची रोपं करतात, माझे मिस्टर त्यांच्याकडं रोपं सांगायला गेले तर मी सोबत गेले आणि त्यांची नेट बघून गप्पच झाले. तिच्याखाली उभं राहिलं की सावली कळत होती. ते म्हणाले तुमची एक मीटर कापून आणा. चौकोनी १ मीटर बाय १ मीटर तुकडा नेला, त्यांच्या ७५ च्या जुन्या नेटचा तेवढाच तुकडा घेतला, आणि किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. त्यांचा भरला १०४ ग्रॅम. माझा ४२. कंपनीनुसार वजन थोडं कमीजास्त असतं म्हणे, पण एवढं नाही. म्हणजे माझा १५० चौरस मीटरचा पूर्ण गठ्ठा जेमतेम सव्वासहा किलोचा होता, आणि त्यांच्या हिशेबानं तो साडेपंधरा किलोच्या आसपास असायला पाहिजे होता. गठ्ठा मी एकटीनं जिन्यानं वर नेला होता, तेव्हा हलका आहे याचा आनंद वाटला होता.

मग त्यांच्या मुलानं मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप टाकलं, फुकट मिळतं. सकाळी नऊला मोजलं कारण भर दुपारच्या उन्हात काही मोबाईलचं मोजमाप मधेच अडकतं. मोबाईल सपाट ठेवून उघड्यावर ५२,००० लक्स (उजेडाचं माप) आलं, माझ्या नेटखाली ३४,०००, त्यांच्या नेटखाली १३,५००. म्हणजे माझी नेट ३५ टक्केच ऊन अडवत होती. अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली, मी नेट कुंड्यांच्या वर चारच फुटांवर बांधून तिन्ही बाजूंनी खाली सोडली होती, त्यानं गरम हवा आतच कोंडत होती. नेट ऊन अडवते, हवा थंड करत नाही, म्हणून ती उंच पाहिजे आणि बाजू मोकळ्या पाहिजेत. हे त्या विकणाऱ्यानं सांगितलं नाही, सांगणार कसा, त्याला माहीत असेल तर ना.

पैसे परत मिळवायचा प्रयत्न केला. पावतीवरचा मोबाईल बंद. फोनवरून पैसे पाठवले तेव्हा स्क्रीनवर भलतंच नाव आलं होतं ते मी तेव्हा बघूनही सोडून दिलं. पावतीवर जीएसटी नंबर होता, भाचीनं मोजला तर १४ अक्षरं. खरा नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. दोन मिनिटांचं काम होतं, पैसे देण्याआधी करायला पाहिजे होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही हे पण कळलं, पण समोरच्याचं नाव-पत्ता तरी पाहिजे ना, माझ्याकडं तोच नाही. पोलीस स्टेशनला अर्ज दिला. आमच्याच गावात अजून दोघांनी नेट घेतली होती, एकानं गोठ्यावर टाकलेली, त्यांनी पण सह्या केल्या.

रोहिणी लागेपर्यंत, म्हणजे २५ मेपर्यंत, ती पाच वर्षंवाली नेट दोन बोटांत चोळली की भुगा व्हायला लागली. युव्ही संरक्षण नसलेलं प्लॅस्टिक आमच्या उन्हात असंच होतं. वारा आला की हिरवा कचरा अंगणभर, गाईच्या तोंडात जाईल म्हणून सासूबाई रोज वेचायच्या. तुम्ही दुकानातून घेत असाल तर आयएस १६००८ हा शेडनेटसाठीचा भारतीय मानकाचा नंबर आहे, तो छापलेला आहे का विचारा, बिल पक्कं घ्या, आणि दुकानदारासमोर एक मीटर उलगडून त्यातून आकाश बघा.

उरलेल्या ७० कुंड्या वाचल्या त्या मांडवामुळंच. सासूबाईंना पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, टाकायचा होता पण पऱ्हाट्या घराजवळ साठवल्या की गुलाबी बोंडअळी पुढच्या कपाशीला येते म्हणून मिस्टर नको म्हणाले, मग बांबूवर तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) आणि वर बुरडाकडचे दोन बांबूचे तट्टे टाकले, सात फूट उंच, बाजू मोकळ्या. कुंड्या स्लॅबवरून खाली मातीत आणल्या, विटांवर ठेवल्या, काळ्या कुंड्यांना बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं. पाणी आठ-दहा दिवसांनी, ते पण अंधार पडल्यावर आणि टाकीतलं नाही, टाकीचं पाणी आमच्याकडं रात्रीपर्यंत गरम असतं, रांजणातलं. संध्याकाळी आजूबाजूला सडा टाकायचा, झाडावर थेंब नाही. हावर्थिया सगळ्या वाचल्या, त्यांना सावलीच आवडते. जेड वाचलं. अडेनियम आणि कोरफड तर उघड्यावर होते, त्यांना काही झालं नाही, उलट अडेनियम भर मेमध्ये फुललं. एचेवेरिया फक्त नऊ राहिल्या, डागाळलेल्या, पण मधून नवीन पानं स्वच्छ आली. पाऊस सुरू झाल्यावर मांडवावरचे तट्टे काढले, नाहीतर सावलीत झाड उजेडासाठी लांब वाढून विरळ होतं.

यंदा शिवरात्रीनंतर माझ्या मावसबहिणीचा फोन आला, तिच्या गावात भोंगा लावून तशीच गाडी आली होती, सेव्हेंटी फाईव्ह, पाच वर्षं. मी तिला म्हटलं पैसे द्यायच्या आधी गठ्ठा धान्याच्या काट्यावर ठेव. तिनं काटा बाहेर काढला तर तो माणूस म्हणाला ताई एवढा वेळ नाही आमच्याकडं, आणि गाडी काढून निघाला. तिनं गाडीचा नंबर लिहून घेतला, तो मी पोलीस स्टेशनला माझ्या अर्जासोबत नेऊन दिला आहे. आर्वी, आष्टी, कारंजा, पुलगाव या बाजूला कोणाकडं मागच्या वर्षी अशी नेट आली असेल तर तुम्ही पण अर्ज द्या, पावती आणि नेटचा तुकडा जपून ठेवा.