नागपुरात काउन्सेलर लोकांसाठी नॅरेटिव्ह पद्धतीचं ग्रुप सुपरव्हिजन : सहा महिने जाऊन आले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, जागेचं आणि ग्रुप घेणाऱ्या मॅडमचं नाव लिहीत नाहीये. ग्रुप आठ जणांचा आहे आणि आमच्या फील्डमध्ये नागपूर म्हणजे एक गल्लीच, कोण कोणाबद्दल काय बोललं ते संध्याकाळपर्यंत धरमपेठेतून मानेवाड्यात पोचतं. केसचे तपशीलही बदललेत.

मी शाळेत काउन्सेलर आहे, नऊ वर्षं झाली. आमच्यात सुपरव्हिजन म्हणजे आपल्या केसेस अनुभवी माणसासमोर मांडून त्यावर बोलायचं. सुपरव्हिजन म्हटलं की आपल्याकडे परीक्षेच्या हॉलमध्ये फिरणारा माणूस आठवतो, नाहीतर बांधकामावर छत्री घेऊन उभा राहणारा, आणि माझा आधीचा अनुभव बरोब्बर तसाच होता. फाइल उघडायची, सर वाचणार, मग "हे काहून नाही विचारलं, इथे तुम्ही घाई केली, हे ट्रान्सफरन्स आहे" (म्हणजे क्लायंट जुन्या नात्यातल्या भावना काउन्सेलरवर काढतो ते). चुकीचं नव्हते सांगत ते, शिकले मी त्यातून, पण दर वेळी बाहेर पडताना वाटायचं की आपण हे काम सोडून ट्यूशन घ्याव्या. मैत्रिणीनं म्हटलं इथे येऊन पाहा, म्हणून जानेवारीपासून जाऊन राहिली.

महिन्यातून एक शनिवार, अडीच तास, बाराशे रुपये, लक्ष्मीनगरच्या बाजूला एका फ्लॅटचा हॉल. पद्धत नॅरेटिव्ह थेरपीची, माणूस स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो तिच्यावर काम करणारी, म्हणजे ऑस्ट्रेलियात ॲडलेडचे मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एपस्टन यांनी 1980 च्या दशकात उभी केलेली, 1990 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. माणूस म्हणजे प्रॉब्लेम नाही, प्रॉब्लेम हाच प्रॉब्लेम, हे त्यांचं वाक्य बहुतेकांना माहीत असतं. पण ते क्लायंटसाठी आहे असंच मी धरून चालले होते, काउन्सेलरवरही तेच लावायचं हे डोक्यातच नव्हतं.

पहिल्याच वेळी मी नेहमीसारखं सुरू केलं की मी ना कॉन्फिडन्समध्ये कमी पडते. मॅडमनी विचारलं, हे जे कमी पाडतं त्याला तुम्ही काय नाव द्याल? मला हसू आलं, पण तोंडातून निघालं "डिप्टी", म्हणजे शाळा तपासायला येणारा साहेब. माझे बाबा झेडपी शाळेत मास्तर होते, डिप्टी येणार म्हटलं की आठ दिवस आधी शाळेला चुना लागायचा आणि बाबांचं जेवण कमी व्हायचं. मग पाऊण तास नुसता डिप्टीच. कोणत्या केसच्या वेळी येतो, आला की तुम्ही काय करायचं सोडता, कोणाच्या बाजूनं बोलतो, आणि कधी तो आला पण तुम्ही त्याला व्हरांड्यातच बसवून ठेवलं असं झालं का? हा शेवटचा प्रश्न भारी होता, कारण मला एकदम नववीतला एक मुलगा आठवला, जो पाच आठवडे माझ्या खोलीत येऊन फक्त पेन्सिलींना टोक करत बसला आणि मी त्याला बसू दिलं, ती केस मी फेल म्हणून बाजूला टाकली होती. मॅडम म्हणाल्या, मुलाला घाई करायची नाही हे तुम्ही कुठून शिकलात, कोणाला हे ऐकून नवल वाटणार नाही? बाबांना, दुसरं कोणाला. रडले मी तिथे, सांगायला लाज नाही.

मग बाकीच्यांचा भाग. याला आउटसायडर विटनेस म्हणतात, मूळ बार्बरा मायरहॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या कामातून घेतलेलं, कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातल्या ज्यू म्हाताऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. ऐकणाऱ्यानं चारच गोष्टी सांगायच्या: कोणता शब्द लागला, काय चित्र दिसलं, आपल्या आयुष्यातलं काय हललं, आणि इथून उठताना आपण कुठे पोचलो. शाबासकी नाही, सल्ला तर अजिबात नाही. बाप्पा, पहिले दोन महिने कोणालाच जमलं नाही, आपल्याकडे "खूप छान केलं ताई" म्हटल्याशिवाय तोंड मिटत नाही. पण व्यसनमुक्ती केंद्रातले एक दादा आहेत, ते पेन्सिलींचं ऐकून म्हणाले की मला माझी आजी दिसली, दुपारी सुपात पाखडत बसलेली आणि आम्ही पोरं नुसती शेजारी, आता सोमवारी पेशंटच्या बायकोला फॉर्म भरायला लावायच्या आधी मी चहा पाजीन. दहा फाइली तपासून हे मिळालं नसतं.

आता खटकलेलं. एक तर भाषा. अर्धा वेळ इंग्रजी प्रश्न मराठीत ओढूनताणून आणले जातात, "या समस्येनं तुमच्या जीवनात कोणते परिणाम घडवले" असं कोण बोलतं? खरं तर प्रॉब्लेम माणसापासून वेगळा काढायचं हे काम मराठीत आधीच अर्धं झालेलं असतं. आपल्याला राग "येतो", भीती "वाटते", टेन्शन "येतं", सगळं बाहेरूनच येतं ना? फक्त "मी रागीटच आहे" म्हटलं की ते अंगाला चिकटतं. हे मी मार्चमध्ये बोलले तर मॅडमनी वहीत लिहून घेतलं, पुढच्या महिन्यापासून प्रश्न पुष्कळ सुधारले, हेही मान्य करायला पाहिजे.

दुसरं, कधीकधी मला सरळ उत्तर पाहिजे असतं. पालक वकील घेऊन येतो म्हणतोय, मी काय करू? तिथे "तुमच्यासाठी काय मोलाचं आहे" ऐकायची ताकद नसते. पण एक सांगते, ग्रुपमध्ये एका मुलीनं शाळेतल्या लहान पोरीची गोष्ट आणली, ज्यात लैंगिक अत्याचाराचा संशय होता, तेव्हा मॅडमनी सगळे गोष्टीवाले प्रश्न बंद केले आणि स्पष्ट सांगितलं की 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19, कळवणं बंधनकारक आहे, आज करा, मी फोनवर आहे. माझा विश्वास खरा तिथे बसला. नाहीतर ही पद्धत म्हणजे नुसतं गोड बोलणं असं मला वाटून राहिलं होतं.

बाकी किरकोळ: वेळेवर कधीच सुरू होत नाही, मे महिन्यात कूलरच्या आवाजात मागे बसणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही आणि मॅडमचा आवाज मुळातच बारीक, पार्किंग नाही. तासांचं सर्टिफिकेट मागितलं तर साधं लेटर मिळतं, ज्यांना ऑफिसात दाखवायचं असेल त्यांनी आधी विचारून घ्या. नवीन लागलेल्यांनी आधी कोणाकडे तरी फाइल तपासून घेणारं सुपरव्हिजन करावं आणि मग इकडे यावं, असं माझं मत.

पाचपैकी चार. ज्याची केस झाली त्याला नंतर मॅडम हातानं पत्र लिहून फोटो पाठवतात, आपलेच शब्द आपल्याला परत, शेवटी एखादा प्रश्न. डिप्टीवालं पत्र मी शाळेच्या कपाटात आतून चिकटवलंय. चार दिवसांत पाठवते म्हणतात, पण माझं जूनचं अजून यायचं आहे.