थॉनी : खानापुरातल्या क्लासमध्ये आठ महिने

खानापुरात माझा छोटा क्लास आहे. सहा जुने कॉम्प्युटर, चार जीबी रॅमचे. मुलं अर्धी मराठी माध्यमाची, अर्धी कन्नड. जूनपासून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला थॉनी वापरतोय; प्रोग्राम लिहायचा आणि चालवायचा हा एडिटर. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात खास नवशिक्यांसाठी तयार झालेलं, फुकट आणि मुक्त स्रोत. पायथन सोबतच येतं, त्यामुळे पहिला तास 'पाथ' लावण्यात (पायथन कुठे आहे ते कॉम्प्युटरला सांगण्यात) वाया जात नाही. आधीच्या एडिटरमध्ये नेमका तोच जायचा.

मला थॉनी पटलं ते रिकर्शनमुळे, म्हणजे फंक्शननं (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्यानं) स्वतःलाच पुन्हा बोलावणं. फॅक्टोरियल (४ चं म्हणजे ४×३×२×१) मी कैक वर्षं फळ्यावर शिकवतोय; मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत पाठ केलेलं उतरवतात. थॉनीत कंट्रोल-एफ५ दाबून डीबगर (प्रोग्राम एकेक पायरीनं चालवून दाखवणारी सोय) लावायचा आणि एफ७ ने आत शिरत जायचं. फंक्शनच्या दर कॉलला (बोलावण्याला) नवी खिडकी उघडते. ४ ची, तिच्यावर ३ ची, मग २ ची. तळाला पोचलं की एकेक मिटत येते आणि गुणाकाराच्या जागी त्याचं उत्तर येऊन बसतं. मागच्या बाकावरचा एकजण ओरडलाच, "सर, आत काय करूलालंय ते दिसूलालंय की!"

पण हाच डीबगर हजार फेऱ्यांच्या लूपवर (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडवर) लावलात तर चहा पिऊन या.

देवनागरीची गंमत वेगळीच. पायथनमध्ये व्हेरिएबलला (किंमत साठवायच्या नावाला) मराठी नाव चालतं, म्हणून हौसेनं 'किंमत' लिहायला लावलं. विंडोजवर ठीक दिसलं. दोन मशिनवर लिनक्स आहे, तिथे वेलांटी 'क'च्या पलीकडे जाऊन बसली. दोष थॉनीच्या खालच्या टीके टूलकिटचा (खिडक्या आणि अक्षरं पडद्यावर काढणाऱ्या भागाचा). प्रोग्राम बिनचूक चालतो, डोळ्यांना तेवढा त्रास. त्याच तासाला पायथननं 'बेळगाव'ची लांबी ६ सांगितली. मुलं म्हणतात ४. काना-मात्रा वेगळ्या मोजतो, हे समजावेपर्यंत कन्नडवाल्यांनी आपल्या लिपीत 'बेळगावि' टाकून ७ काढले होते! तो तास सिलॅबसच्या बाहेर गेला, जाऊ दे.

एक जपा: एफ५ दाबून प्रोग्राम चालवला की फाईल सेव्ह होते, नुसतं टाइप करत बसलात तर नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल नेम नसतो. जुलैत एका पोरीचा तासाभराचा प्रोग्राम असाच गेला. आता दर दहा ओळींनी एफ५ दाबायला लावतो.

चार-पाच फाईलींचं प्रोजेक्ट आलं की मात्र थॉनी अपुरं पडतं. गिटची (कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळायची) सोय आत नाही, आणि एखाद्या फंक्शनचं नाव सगळ्या फाईलींत एकदम बदलायचं तर हातानंच. मोठ्या मुलांना मी दुसऱ्या एडिटरवर नेतो. अडलं की तेवढं फंक्शन उचलून ती परत थॉनीत आणतात.

नव्या बॅचलाही थॉनीच. फक्त लिनक्सच्या त्या दोन मशिनवर नावं इंग्रजीत.