दोन बाजूंचा स्टेथोस्कोप: वॉर्डात काही महिने वापरल्यावर

मागच्या पावसाळ्यात घेतला, तेव्हापासून जळगावातल्या पोस्टिंगला रोज गळ्यात असतो. नर्सिंगला नव्याने आलेल्यांना एकच सांगेन: घ्यायचा तर बेल, म्हणजे छोट्या वाटीसारखी दुसरी बाजू, असलेलाच घ्या. एका बाजूच्या स्वस्त स्टेथोस्कोपवर बीपी व्यवस्थित मिळतं, पण हृदयाचे खालच्या सुरातले आवाज हुकतात.

डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा असलेली सपाट बाजू, घट्ट टेकवला की लब-डब स्वच्छ येतं. हृदयाच्या चार झडपा ऐकायच्या चार जागा: छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीमधल्या जागेत एओर्टिक, तिथेच डावीकडे पल्मोनरी, डाव्या कडेने खाली उतरलं की ट्रायकस्पिड, आणि बरगड्यांमधल्या पाचव्या जागेत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर मायट्रल. वरच्या जागांवर 'डब' मोठा, खाली मायट्रलला 'लब' मोठा. हे कानात बसायला वेळ लागतोच, घाई करू नका.

बेलची खरी किंमत कळली ती मायट्रल स्टेनोसिसच्या (मायट्रल झडप अरुंद झालेल्या) एका ताईंपाशी. लहानपणी संधिवाताचा ताप आलेला. डायफ्रामला मला फारसं काही लागेना. ट्यूटर मॅडमनी त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, बेल अलगद ठेवायला लावली, आणि 'डब'नंतरची ती खोल घरघर आली! बेल दाबायची नाही. दाबली की खालची कातडी ताणली जाते, तीच डायफ्राम होते आणि खालचा सूर जातो. बाजू बदलताना चेस्टपीस (छातीवर टेकवायचा भाग) फिरवून डायफ्रामवर हलकी टिचकी मारून बघायची, कुठली बाजू चालू आहे ते कळतं.

त्यांची नाडी अनियमित होती, म्हणून आम्ही दोघींनी एकाच मिनिटात मोजलं: मी छातीवर, मैत्रिणीने मनगटावर. मनगटावर ठोके कमी भरले, कारण प्रत्येक ठोका तिथवर पोचत नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध देण्याआधी छातीवर पूर्ण एक मिनिट मोजायचं ते याचसाठी. मोठ्या माणसात ठोके मिनिटाला 60 च्या खाली आले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं.

उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत मर्मर (हृदयातला जादा आवाज) ऐकणं अवघड जातं, दोन मिनिटं कूलर बंद करून घ्या. आणि कानाला लावायच्या आधी विचारा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना 'धाप लागते का' यापेक्षा 'रातले दम लागस का, पाय सुजतस का' असं अहिराणीत विचारलं की ती मोकळी होतात. तीन उशा घेऊन झोपते, हे एका आजींनी असंच सांगितलं. नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला, म्हणजे पायात पाणी साठलेलं. त्यांना तपासायची सुरुवात तिथेच झाली, स्टेथोस्कोप नंतर.

टिकाऊपणा ठीक. घामाने आणि तेलाने ट्यूब कडक होते, म्हणून कॉलरवरून घालते. जळगावच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका. डायफ्राम प्रत्येक पेशंटनंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसते, अजून सैल पडलेला नाही. इअरपीसचे रबर झिजलेत. जादा जोडी आधीच घेऊन ठेवा, आणि घालताना टोकं पुढे, नाकाच्या दिशेने असू द्या.