मुलाचा किल्ट: वाढत्या अंगाचा नको, मापाचा घ्या

आम्ही एडिंबरात राहतो आणि मुलगा इथल्याच प्राथमिक शाळेत जातो. ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे (स्कॉटलंडच्या संरक्षक संताचा दिवस), मग २५ जानेवारीची बर्न्स नाइट (कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिनाचा सोहळा) आणि पुढे शेजाऱ्यांकडचं लग्न, एवढं सगळं ओळीने आलं म्हणून भाड्याने न आणता किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकडीचा, मागे चुण्या असलेला गुडघ्यापर्यंतचा पारंपरिक पेहराव, विकतच घ्यायचं ठरवलं. आता शाळेचं वर्ष संपलंय आणि किल्टचा मनसोक्त वापर झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

रॉयल माइल या जुन्या शहरातल्या रस्त्यावरच्या दुकानांत मुलांचा पूर्ण सेट मिळतो. पॉलिव्हिस्कोसचा (कृत्रिम धाग्याचा) किल्ट, पुढून नाडीचा जॅकोबाइट शर्ट, स्पोरन (कमरेला पुढे लटकवायची छोटी पिशवी), मोजे, पिन, सगळं एकत्र, आणि किंमत बघून हात लगेच खिशात जातो. आम्ही तो घेतला नाही. लोकरीचा किल्ट माप देऊन शिवून घेतला. तो एकटाच सेटच्या दुपटीहून महाग पडला. मुलांच्या कपड्यांवर इथे व्हॅट लागत नाही, तेवढाच दिलासा. बाकी सामान स्वस्तातलं किंवा चॅरिटी शॉपमधलं. पैसे किल्टवर घाला आणि इतर सगळ्यात वाचवा, हे माझं मत वापरानंतर आणखी पक्कं झालंय.

साताऱ्याहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बजावलं होतं, "वाढत्या अंगाचा घे गं, पोरगं भराभर उंच होतंय." स्वेटरला हे चालतं, किल्टला चालत नाही. किल्टची कंबर बेंबीच्या रेषेत बसते आणि खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर यायला हवी. ढगळ घेतला की तो घसरतो, कड पोटरीकडे उतरते, मागच्या चुण्या फाकतात आणि पोर सगळा कार्यक्रमभर तो वर ओढत बसतं. वाढीची सोय वेगळी करून घ्यायची असते. मोठ्यांच्या किल्टला खाली दुमड नसते, कापडाची मूळ किनारच खाली येते. मुलांच्या किल्टला मात्र आधी सांगितलं तर आत चांगली रुंद दुमड घालून देतात. कमरेच्या चामडी पट्ट्यांनाही पुढची भोकं पाडून मिळतात. आम्ही दोन्ही करून घेतलं. शिवणाऱ्या बाईंनी त्याला गुडघ्यांवर बसवून कड जमिनीला टेकत नाही ना, हेही पाहिलं.

कापड ११ औंसाचं (एका यार्डाचं वजन) निवडलं. मोठ्यांसाठी १६ औंसाचं जड कापड उत्तम समजतात, पण लहान कमरेला ते ओझं होतं आणि त्याच्या चुण्या जाडजूड बसतात. मोठ्या माणसाच्या किल्टला आठ यार्ड कापड लागतं, मुलाला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं. पण तेही हात आखडून वापरलं की फरक लगेच दिसतो. नऊवारीच्या निऱ्यांना कापड कमी पडलं की कसं होतं, तसंच. मित्राच्या मुलाचा सेटमधला किल्ट पुढून छान दिसतो, पण गे गॉर्डन्स हा स्कॉटिश नाच नाचताना गिरकी घेतली की मागे नुसता हलतो. आमच्याचा घेर उघडतो आणि पाय थांबले की चुण्या आपापल्या जागी परत येतात. हे पाहताना मला दिलेल्या पैशांचं समाधान वाटतं.

लोकर टोचते का, हे सगळ्यांनी विचारलं. कंबरेला आतून अस्तर आहे आणि शर्ट खोचलेला असतो, त्यामुळे वर त्रास नाही. खाली तो शाळेच्या पीईची (खेळाच्या तासाची) काळी चड्डी घालतो. इथली बहुतेक मुलं असंच काहीतरी घालतात. बाथरूमला जाताना बकलं सोडावी लागत नाहीत, किल्ट वर उचलला की झालं. लहान मुलांच्या बाबतीत ही फार मोठी सोय आहे. गुडघे उघडे राहतात खरे, पण जानेवारीतही त्याने थंडीची तक्रार केली नाही. लोकरीचे लांब मोजे पोटरीवर घट्ट बसतात.

निराशा केली ती स्पोरनने. ऑनलाइन घेतलेल्या स्पोरनची साखळी पहिल्याच नाचात निसटली, आणि तिच्या कड्यांनी मागच्या कापडाची लव उठवली. साखळी काढून साधा चामडी पट्टा लावला. हा बदल प्रत्येकाने सुरुवातीलाच करावा. स्पोरन त्याला भारी प्रिय आहे. हॉर्स चेस्टनटच्या तपकिरी गुळगुळीत बिया, अर्धं शॉर्टब्रेड आणि एका मित्राचा दात (खराखुरा, त्याने "सांभाळायला" दिलेला) इतकं मला त्यातून मिळालंय.

घिली ब्रोग, म्हणजे किल्टवर घालायचे पारंपरिक बूट, आम्ही घेतलेच नाहीत. त्यांच्या लांब नाड्या घोट्याभोवती बांधायच्या असतात आणि मुलांच्या पायांत त्या सतत सुटतात. शाळेचे काळे बूट पॉलिश करून चालले. मोज्यात खोचायची स्गियन डू, म्हणजे छोटी सुरी, खोटीसुद्धा घेतली नाही. किल्टची पिन पुढे एकावर एक येणाऱ्या दोन पदरांपैकी फक्त वरच्याला लावायची. दोन्ही पदरांतून टोचली तर मूल पळताना कापड फाटतं.

टार्टनचा, म्हणजे चौकडीचा कोणता नमुना घ्यायचा हा प्रश्न आम्हाला जरा जपून सोडवायचा होता, कारण अनेक नमुने ठरावीक कुळांचे मानले जातात. आमचा ना कुठला क्लॅन (स्कॉटिश कूळ), ना स्कॉटिश आडनाव. स्कॉटलंडचं टार्टनचं सरकारी रजिस्टर २००९ पासून आहे, त्यात हजारो नमुने आहेत, आणि त्यांतले बरेच कुणीही घालावेत असे. बाल्मोरल नावाचं टार्टन मात्र राजघराण्यापुरतं राखलेलं आहे. एडिंबरा शहराचंही स्वतःचं टार्टन आहे; ते मला मनापासून आवडलं होतं. पण मुलाने ब्लॅक वॉच नावाच्या टार्टनवर बोट ठेवलं. गडद हिरवं, निळं, काळं. ते कुणालाही घालता येतं आणि चिखल लपवतं. लग्नात शेजारच्या आजोबांनी त्याचा किल्ट स्वतःच्या हाताने सारखा केला आणि "आता बरोबर" म्हणाले, तेव्हा माझ्या मनातली उरलीसुरली धाकधूकही गेली.

देखभालीला वेळ द्यावा लागतो. मशीनमध्ये टाकायचा नाही. डाग ओल्या फडक्याने टिपायचा, चुण्या धाग्याने टाचून ओलं कापड ठेवून इस्त्री करायची. उन्हाळ्यात कसर लागण्याची भीती असते, म्हणून स्वच्छ करून बंद पिशवीत, देवदाराच्या गोळ्यांसह ठेवलाय. ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याआधी दुमड उसवून इंचभर सोडायची आहे; जुन्या घडीची रेघ वाफेने कितपत जाते, ते तेव्हा कळेल.